ताकद भरपूर आहे, तरी मागे का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा: "वय २९, वजन ८४ किलो. बॅक स्क्वॉट १६०, डेडलिफ्ट १९०, क्लीन अँड जर्क ११०. चार वर्षं क्रॉसफिट करतोय. गेल्या वर्षी दोन स्पर्धांना उतरलो, दोन्हीकडे मधेच कुठेतरी राहिलो. माझ्यापेक्षा तीस-चाळीस किलो कमी उचलणारी मुलं माझ्या पुढे होती. रिंग मसल-अप एखादाच निघतो, डबल-अंडर पंधरा-वीसला अडकतात, हातांवर चालता येत नाही. बॉक्समधले अर्धे लोक म्हणतात ताकद हाच पाया, ती वाढव. बाकीचे म्हणतात आता स्किल कर. कुणाचं ऐकू?"

(या खेळात नवे असाल तर: क्रॉसफिट म्हणजे वजन उचलणं, जिम्नॅस्टिक्स आणि दम यांचा मिश्र व्यायाम आणि त्याच्या स्पर्धा; बॉक्स म्हणजे त्याची जिम. बॅक स्क्वॉट म्हणजे बार खांद्यांमागे घेऊन बैठक, डेडलिफ्ट म्हणजे बार जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलणं, क्लीन अँड जर्क म्हणजे तो जमिनीवरून खांद्यावर आणि तिथून डोक्यावर नेणं. रिंग मसल-अप म्हणजे टांगलेल्या रिंगांना लटकून अख्खं अंग रिंगांच्या वर नेणं, डबल-अंडर म्हणजे एका उडीत दोरी दोनदा पायांखालून काढणं.)

येते सहा महिने तरी 'स्किल कर' म्हणणाऱ्यांचं ऐका. 'ताकद वाढव' म्हणणारेही खोटं सांगत नाहीत; तुमच्या बाबतीत ते उशिरा सांगताहेत, एवढंच. हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी विचारला असतात तर मी उलट उत्तर दिलं असतं. या खेळात मी दोन्ही वाटांनी आले आहे. शाळेत असताना पुण्यात दोरीचा मल्लखांब केला, कॉलेजात वेटलिफ्टिंग केलं आणि गेली अकरा वर्षं हेच शिकवते आहे. त्यामुळे ताकदीची बाजूही मला परकी नाही आणि कसबाचीही नाही.

आधी ताकद या खेळात नेमकं काय काम करते ते पाहू. 'ग्रेस' तुम्ही केलंच असेल: ६१ किलोचे ३० क्लीन अँड जर्क, घड्याळ लावून. ज्याचं कमाल वजन ८० किलो आहे, त्याला ६१ किलो म्हणजे ७६ टक्के. तो प्रत्येक वेळी बार टाकणार, दोन श्वास घेणार, पुन्हा वाकणार. तुमचं कमाल ११० आहे, म्हणजे तेच ६१ किलो तुम्हाला ५५ टक्के. तुम्ही पाच-सहा वेळा बार न सोडता मारू शकता. आता समजा वर्षभर खपून तुम्ही ११० चे १४० केलेत. ६१ किलो आता ४४ टक्के झाले. माझ्याकडच्या मुलांच्या वह्या पाहिल्या तर ८० वरून ११० वर जाताना ग्रेसची वेळ मिनिटांनी खाली येते आणि ११० वरून १४० वर जाताना सेकंदांनी. कारण त्या टप्प्यावर अडवणारी गोष्ट बदललेली असते. बार जड वाटत नाही, श्वास पुरत नाही. ताकद ही पदरी असलेली शिल्लक आहे. ती नसेल तर प्रत्येक रेपला (आवर्तनाला) उधारी होते, पण एका मर्यादेपुढे आणखी शिल्लक टाकून फारसं काही विकत घेता येत नाही.

२०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एका छोट्या गटावर केलेला अभ्यास यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. स्क्वॉट, प्रेस आणि डेडलिफ्ट यांची बेरीज ज्यांची जास्त, त्यांची 'फ्रॅन' (हाही ग्रेससारखाच ठरलेला वर्कआउट) आणि 'ग्रेस' यांतली वेळ चांगली, असा संबंध त्यात दिसला. 'सिंडी' या तिसऱ्या वर्कआउटमध्ये मात्र तो दिसला नाही. फ्रॅनमध्ये ४३ किलोचे थ्रस्टर (बार घेऊन बैठक आणि उठता उठता तो डोक्यावर ढकलणं) आहेत, ग्रेसमध्ये ६१ किलोचा बार. सिंडीत बारच नाही. वीस मिनिटं पुल-अप, दंड आणि बैठका, सगळं स्वतःच्या अंगाचं वजन. म्हणजे 'ताकद उपयोगी का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पुढ्यात काय मांडलंय त्यावर ते ठरतं, आणि स्पर्धा घेणारे मुद्दाम सगळंच मांडतात.

इथे गुणांचं गणित समजून घ्या, कारण तुमचं नुकसान त्या गणितात होतंय. बहुतेक स्पर्धांत प्रत्येक इव्हेंटमधला क्रमांक मोजतात आणि शेवटी बेरीज करतात. ओपनमध्ये (या खेळाच्या जागतिक स्पर्धेची, म्हणजे क्रॉसफिट गेम्सची, सगळ्यांना खुली पहिली फेरी) तर सरळ क्रमांकांचीच बेरीज असते. बेरीज कमी तो वर. समजा साठ जणांची स्पर्धा आहे. कमाल वजनाच्या इव्हेंटमध्ये तुम्ही सहावे आलात. सहा महिने घाम गाळून दहा किलो वाढवलेत, तर तिसरे याल. हाती लागल्या तीन जागा. डबल-अंडर असलेल्या इव्हेंटमध्ये तुम्ही एकेचाळिसावे आहात. तेच सहा महिने दोरीवर घालवून सलग पन्नास मारायला लागलात, तर विसावे याल. एकवीस जागा. जिथे आपण आधीच वर आहोत तिथे आणखी वर जायला जागाच उरलेली नसते.

त्यातही काही कौशल्यं दारासारखी असतात: एक तर उघडतात किंवा बंद राहतात. २०१२ च्या ओपनमधला चौथा आणि २०१३ मधला तिसरा वर्कआउट एकच होता. बारा मिनिटांत १५० वॉल-बॉल (बैठकीतून उठत जड चेंडू भिंतीवर उंच फेकणं), ९० डबल-अंडर आणि मग ३० मसल-अप. पहिल्या दोन टप्प्यांची बेरीज २४०. कुणी चार मिनिटं शिल्लक ठेवून रिंगांखाली पोचला आणि त्याला मसल-अप येत नसेल, तर तो २४० वरच. दुसरा धापा टाकत शेवटच्या वीस सेकंदांत पोचला आणि एक मसल-अप काढला, तर तो २४१. २४० वर थांबलेल्या सगळ्या रांगेच्या तो पुढे.

तुमच्या अंगाला बरोबर बसणारं उदाहरण २०१८ च्या ओपनमधल्या चौथ्या वर्कआउटचं आहे. आधी 'डायेन', म्हणजे १०२ किलोचे डेडलिफ्ट आणि हँडस्टँड पुश-अप (हातांवर उलटं उभं राहून दंड), २१-१५-९, म्हणजे दोन्हींची आधी २१, मग १५, मग ९ आवर्तनं. ते संपलं की १४३ किलोचे डेडलिफ्ट, पुन्हा २१-१५-९, आणि प्रत्येक फेरीनंतर ५० फूट हातांवर चालणं. सगळं नऊ मिनिटांच्या आत. १९० किलोवाल्याला १४३ म्हणजे पंचाहत्तर टक्के. तुम्ही ते एकवीस नक्की उचलाल. आणि मग मॅटच्या कडेला उभे राहाल. नव्वद टक्के लोकांकडे नसलेली ताकद खर्चून तुम्ही त्या जागी पोचलेले असाल आणि पुढचे पंधरा मीटर तुम्हाला येत नसतील.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येते. जादा ताकद चुका झाकते. दुबळ्या माणसाची चूक पहिल्याच दिवशी उघडी पडते, बलवान माणसाची वर्षानुवर्षं झाकलेली राहते. ती उघडी पडते थकल्यावर, म्हणजे नेमकी स्पर्धेत.

क्लीनमध्ये (बार जमिनीवरून खांद्यावर घेताना) कंबर पूर्ण उघडण्याआधी हात वाकवणं ही चूक घ्या. ज्याचं कमाल ७० आहे, त्याला ६० किलोवर असं करून चालतच नाही. बार वर येत नाही, त्याला शिकावंच लागतं. तुमच्यासारख्याचं ६० किलोवर काहीच अडत नाही. हातांनी ओढून बार खांद्यावर येतो, कोचही 'छान' म्हणतो. पंचविसाव्या रेपला हात भरून येतात, तेव्हा त्यांना मदतीला धावून येणारी कंबर सवयीचीच नसते. रिंग मसल-अपमध्येही हेच होतं. बहुतेक ताकदवान पुरुष झोका पुढे गेल्यागेल्या हातांनी ओढायला लागतात. पाय आणि कंबर वर येऊन अंग क्षणभर हलकं होतं, त्या क्षणाची वाट ते बघत नाहीत, कारण वाट न बघताही त्यांचा एक निघतो. तुमचा एखादाच निघतो याचा अर्थ मी तरी असाच लावते: तो दंडांच्या जोरावर निघतोय, आणि दंड एकदाच तेवढा जोर देतात.

या झाकण्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण रिच फ्रोनिंगचं. २०१० साली क्रॉसफिट गेम्स कॅलिफोर्नियातल्या कार्सनला भरले. शेवटच्या टप्प्यात दोर चढायचा होता आणि तो जिंकण्याच्या बेतात होता. दोर पायात कसा अडकवायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. आत्तापर्यंत हातांनी भागत आलं होतं. तिथे हात संपले, दोरावरून तो खाली आला आणि ग्रॅहम होमबर्ग जिंकला. फ्रोनिंग दुसरा. मग तो दोर शिकला आणि २०११ ते २०१४ सलग चार वर्षं पहिला आला. एका वर्षात त्याची ताकद दुप्पट झाली नव्हती.

हा किस्सा मला जास्त लागतो, कारण माझंही दोरावरच असंच झालं. माझ्या पहिल्या स्पर्धेत दोर चढणं होतं. मी मनात म्हटलं, हा तर माझा घरचा इव्हेंट. दहा वर्षं दोरीचा मल्लखांब केलेली मुलगी मी. पण मल्लखांबाची दोरी बारीक, सुती, आणि ती आपण अनवाणी, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरतो. तिथला दोर मनगटाएवढा जाड होता आणि पायात बूट होते. बुटात अंगठा कसला धरणार? पहिल्या दोन खेपा मी हातांवर चढून गेले, अगदी सहज. तिसऱ्या खेपेला कोपरापासून बोटांपर्यंत हात दगड झाले आणि त्यानंतरच्या स्नॅचमध्ये (बार एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर नेणं) रिकामा बारसुद्धा मुठीत राहीना. त्या दिवशी कळलं की एका दोरीवरचं कसब दुसऱ्या दोरावर जसंच्या तसं जात नाही. मात्र नंतर बुटांत दोर अडकवायची पद्धत मी दोन दुपारींत शिकले, आणि माझ्याबरोबर शिकणाऱ्या, माझ्यापेक्षा ताकदवान मुलींना महिना लागला. हवेत असताना आपलं अंग कुठे आहे हे कळणं, ही जाण मात्र माझ्याबरोबर आली होती.

मल्लखांबाची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा आठवड्यात हातांवर चालायला लागतात आणि ५० किलोच्या क्लीनला अडखळतात. कुस्तीची पोरं बारबेल दोन महिन्यांत पचवतात, दमही भरपूर असतो, पण खांदे इतके आखडलेले असतात की ओव्हरहेड स्क्वॉटला (बार डोक्यावर धरून बैठक) हात मागे जात नाहीत. जिममधून आलेल्या मुलांचं तुमच्यासारखं असतं. प्रत्येकाचं पहिलं वर्ष वेगळ्या कामात गेलं पाहिजे. सगळ्यांना एकच कार्यक्रम लावणारा कोच मला पटत नाही.

आता 'ताकद वाढव' म्हणणाऱ्यांची बाजू. ती कमी जोरात मांडली तर अन्याय होईल. काही वेळा जे कौशल्य वाटतं ते मुळात ताकदच असते. कॅट्रिन डेविड्सडॉटिर २०१४ साली रिजनलमध्ये (गेम्सआधीची विभागीय पात्रता फेरी) दोरावरच अडकली. तिथे पाय न लावता दोर चढायचा होता, पुन्हा पुन्हा. ती त्या वर्षी गेम्सला पोचू शकली नाही आणि २०१५ व २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं जगज्जेती झाली. पाय न लावता चढायचं म्हटल्यावर पायात दोर अडकवायची युक्ती कामाला येत नाही. तिथे स्वतःचं वजन पुन्हा पुन्हा वर ओढायची ताकद लागते. ही ताकद १९० च्या डेडलिफ्टमधून येत नाही. बारावर किती किलो आहेत यापेक्षा स्वतःच्या वजनाच्या तुलनेत तुम्ही किती ओढता-ढकलता हे तिथे मोजलं जातं. तुम्ही ८४ किलोचे आहात. स्क्वॉट वाढवायच्या नादात ९० झालात तर प्रत्येक पुल-अपला सहा किलोची पिशवी कंबरेला बांधल्यासारखं होईल.

कौशल्य ताकदीचा अभाव झाकतं तेव्हा तर ते धोक्याचंच असतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक हलक्या अंगाची, फार चपळ मुलगी होती. झोक्याचा पुल-अप तिने बघून बघून उचलला. सलग पंधरा मारायची. झोका न घेता तिला एकही येत नव्हता, आणि मी ते चालवून घेतलं, कारण ती स्पर्धेत नंबर काढत होती. आठ महिन्यांनी तिचा खांदा दुखायला लागला आणि तिला बराच काळ लटकायचंच सोडावं लागलं. ती चूक माझी. त्यानंतर माझ्याकडे नियम आहे: झोका न घेता पाच पुल-अप येईपर्यंत किपिंग (झोक्याचा पुल-अप) नाही, आठ पुल-अप आणि रिंगांवर पूर्ण खोल आठ डिप्स (रिंगांवर हातांनी तोलून अंग खाली नेऊन पुन्हा वर ढकलणं) येईपर्यंत रिंग मसल-अपचा झोका नाही. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, दुसरा कोच थोडे वेगळे सांगेल. तुम्ही रिंग डिप्सबद्दल काहीच लिहिलेलं नाही. ताकदवान माणसांचं घोडं मला तिथे बरेचदा अडलेलं दिसतं. बेंचवर शंभर मारणारा रिंगांवर तिसऱ्या डिपला थरथरतो.

क्रॉसफिटचा संस्थापक ग्रेग ग्लासमन याने २००२ साली क्रॉसफिटची भूमिका मांडली तेव्हा फिटनेसच्या दहा क्षमता सांगितल्या होत्या, जिम कॉली आणि ब्रूस इव्हान्स यांच्या यादीवरून. त्यातली एक गोष्ट लोक विसरतात. हृदय-फुप्फुसांचा दम, टिकाव, ताकद आणि लवचीकता या चार क्षमता ट्रेनिंगने वाढतात, म्हणजे शरीराच्या पेशींत मोजता येईल असा बदल होतो. समन्वय, चपळता, तोल आणि अचूकपणा या चार सरावाने वाढतात, म्हणजे बदल मज्जासंस्थेत होतो. शक्ती आणि वेग यांना दोन्ही लागतात. सीमारेषा इतकी साफ नसते, हे खरं. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली वाढलेली ताकदसुद्धा बरीचशी मज्जासंस्थेचीच असते, स्नायू नंतर वाढतो. पण ही विभागणी रोजच्या कामाला फार उपयोगी आहे. ट्रेनिंगला थकवा लागतो. सरावाला ताजेपणा लागतो. जड स्क्वॉटनंतर, घामाघूम अवस्थेत, 'चला आता वीस मिनिटं स्किल' म्हणून डबल-अंडरची दोरी हातात घेणारा माणूस चुकीची हालचाल पक्की करत असतो.

डबल-अंडरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या जागा तिथेच सगळ्यात स्वस्तात मिळतील. पंधरा-वीसला अडकणाऱ्याचं कारण मला बहुतेक वेळा चारांपैकी एक दिसतं. दोरी लांब असते. मधोमध पाय ठेवून ताणली तर मुठी काखेच्या खालीच राहिल्या पाहिजेत. हात हळूहळू अंगापासून लांब जातात, त्यामुळे दोरी वर आखडते आणि बुटाला लागते. तुम्ही दोरी मनगटाऐवजी खांद्याने फिरवता, म्हणून पंधराव्याला खांदे भरून येतात. आणि उडी मारताना कंबरेत वाकता किंवा टाचा ढुंगणाला लावता. उडी सरळ, घोट्यातून आणि नेहमीपेक्षा जराशीच उंच हवी. वेग दोरीने घ्यायचा, उडीने नाही. मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून स्वतःचा व्हिडिओ काढा आणि फक्त शेवटच्या तीन उड्या बघा, अडकण्याआधीच्या. चूक तिथे असते. पहिल्या दहा उड्या सगळ्यांच्याच छान असतात.

रोज आठ-दहा मिनिटं, सरावाच्या सुरुवातीला, ताज्या अंगाने. आठवड्यातून एकदा रविवारी तासभर केल्याने हे येत नाही, पोटऱ्या तेवढ्या सुजतात. अडकलात की लगेच पुन्हा झटका देऊन सुरू करू नका. थांबा, श्वास घ्या, हात कुठे आहेत ते पाहा, मग सुरू करा. अडकलं की चिडून सुरू करायचं ही सवय लागली की स्पर्धेतही तीच वर येते, आणि तिथे एका अडकण्याचे पाच होतात.

ताज्या अंगाने येणं ही अर्धीच वाट आहे. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद डाव शिकवतात तेव्हा आधी तो नुसता, जोडीदार ढिला ठेवून करवतात. मग जोडीदार थोडा विरोध करतो. मग खडाखडीत, आणि शेवटी दमल्यावर. हाच क्रम इथे लावा. सलग चाळीस डबल-अंडर ताज्या अंगाने आले की ते ४०० मीटर धावल्यावर करून बघा. मग हलक्या थ्रस्टरनंतर. दमलेल्या हातांनी दोरी मुठीत आवळली जाते, श्वास रोखला जातो, आणि तेव्हाही खांदे सैल सोडता येणं हे वेगळं शिकावं लागतं. इथे घाई केलेली मी फार पाहिली आहे. ताज्या अंगाने दहा येत नाहीत आणि वर्कआउटमध्ये शंभर मारायला निघालेत; पाच मिनिटं स्वतःच्या पायांवर फटके मारून घेणं, एवढाच त्याचा हिशोब होतो.

ताकद असूनही कमी पडणाऱ्या गोष्टींच्या मागे लागावं लागतं, यासाठी मॅट फ्रेझरचं उदाहरण लक्षात ठेवा. तो वेटलिफ्टिंगमधून आला, ज्युनियर पातळीवर अमेरिकेत पहिला आलेला. बारबेल त्याचीच होती. तरी गेम्समध्ये २०१४ ला दुसरा, २०१५ ला पुन्हा दुसरा. २०१५ ला 'पिग' नावाचा अवजड ठोकळा उलटवत न्यायचा होता, तिथे तो मागे पडला आणि बेन स्मिथ जिंकला. त्यानंतर फ्रेझर कमी पडत होता त्या गोष्टी शोधून शोधून त्यांच्या मागे लागला. २०१६ ते २०२० तो सलग पाच वर्षं जिंकला. टिया-क्लेअर टूमी तर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून वेटलिफ्टिंगला उतरली होती आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने ५८ किलो गटात सुवर्ण मिळवलं. एवढी ताकद असलेली बाईसुद्धा २०१५ आणि २०१६ ला गेम्समध्ये दुसरी होती. २०१७ पासून जिंकायला लागली. आणि उलट टोकाला सॅम ब्रिग्ज: जड बारवर तिची कधीच मक्तेदारी नव्हती, दम मात्र अफाट होता, आणि २०१३ ला ती जिंकली. या तिघांची ताकद एका पायरीवर नव्हती. पण कुठल्याही इव्हेंटमध्ये शून्यावर उभं राहायची वेळ येणार नाही एवढं त्यांनी पाहिलं.

दमाबद्दल मी इथे फार लिहीत नाही, तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे. फक्त एवढं तपासा: तुम्हाला पाच किलोमीटर न थांबता पळता येतं का? येत नसेल तर तुमच्या अर्ध्या 'स्किलच्या' अडचणी दमाच्या असतील.

तुम्हाला हातांवर चालणं, रिंग, दोर यांची मनापासून आवडच नसेल तर त्यातही कमीपणा नाही. २०२५ मध्ये मुंबईत हायरॉक्स ही धावणं आणि व्यायाम यांची स्पर्धा आली. तिथे आठ वेळा एक-एक किलोमीटर पळायचं आणि मधे आठ कामं: स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलणं, ओढणं, रोइंग, वजन घेऊन चालणं, शेवटी १०० वॉल-बॉल. यातलं जवळजवळ सगळं कुणालाही एका दुपारी दाखवता येतं. पुरुषांच्या खुल्या गटात स्लेडसकट १५२ किलो ढकलायचे असतात, तिथे तुमच्या पायांचा थेट फायदा होईल. निकाल मात्र बहुतांशी धावण्यावर ठरतो. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी क्रॉसफिटच्या स्पर्धा सोडून हाच रस्ता धरला आणि ते खूश आहेत.

तुम्ही क्रॉसफिटमध्येच राहणार असाल तर सहा महिने असं करून बघा. आठवड्यात दोनच दिवस जड: एक दिवस स्क्वॉट, एक दिवस क्लीन किंवा स्नॅच. वजन जड ठेवा, सेट कमी करा. सेट निम्मे केले तरी वजन उतरवलं नाही, तर कमावलेली ताकद टिकते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. भीती वाटेल, दोन-तीन किलो खाली जातीलही, जाऊ द्या. डेडलिफ्ट महिन्यातून दोनदा पुरे. रोज सुरुवातीला डबल-अंडर, वर सांगितलं तसं. आठवड्यातून तीन दिवस झोका न घेता पुल-अप आणि रिंग डिप्स, आणि त्याच दिवशी जमिनीजवळच्या रिंगांवर, पाय टेकवून, मसल-अपची वळण घेण्याची हालचाल. रिंगा छातीला घासून गेल्या पाहिजेत. लांबून फिरल्या तर पुन्हा दंडांवर येतं. पहिले सहा आठवडे उंच रिंगांवर पूर्ण मसल-अप मारायचाच नाही. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल, कारण तुमचा एक निघतो आणि तो काढून दाखवायचा मोह होतो.

हातांवर चालण्यासाठी भिंतीकडे तोंड करून उभं राहा, पाठ करून नाही. पाठ भिंतीकडे असली की कंबर कमानीसारखी वाकते आणि चालताना पाय डोक्यावरून पलीकडे पडतात. पोट भिंतीकडे, नाक आणि पायाची बोटं भिंतीला, चाळीस सेकंद. ते जमलं की एकेक हात उचलून खांद्याला लावा. दोन्ही बाजूंना दहा-दहा झाले की भिंत सोडा. पडायचं कसं हे आधीच गवतावर शिकून घ्या, म्हणजे एका हातावर वळून पाय बाजूला टेकवायचे. पडायची भीती गेली नाही तर ताकदवान माणूस सगळं अंग आवळून धरतो आणि एक पाऊलही टाकत नाही.

शनिवारी एकच मिश्र वर्कआउट, स्पर्धेसारखा, घड्याळ लावून आणि कुणाला तरी नो-रेप (नियमात न बसलेली, बाद आवर्तनं) मोजायला उभं करून. वहीत वेळेबरोबर आणखी एक आकडा लिहा: कितव्या रेपला पहिली चूक झाली. पहिल्या महिन्यात वेळ वाईट येईल, तिकडे लक्ष देऊ नका. दुसरा आकडा पुढे सरकतोय का ते बघा.

आणि सुरू करण्याआधी तीन गोष्टी मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: झोका न घेता किती पुल-अप, रिंगांवर पूर्ण खोल किती डिप्स, आणि दोरी तुमच्या काखेपर्यंत येते की त्याच्या वर. डिप्स आठाच्या खाली असतील, तर मसल-अपच्या वळणाचं काम सध्या बाजूला ठेवून तो वेळही डिप्सनाच द्या.